पश्मीची वही: कारवान कुत्र्यांचं मंडळ चालवायचं असेल तर

मंडळ काढायचं ठरवलंत, तर आधी दोनशे पानी, पक्क्या बांधणीची वही आणा. शिक्का, लेटरहेड, फलक यांचं नंतर बघता येईल. मी अहमदपूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते आणि गेली नऊ वर्षं आमच्या भागातल्या कारवान पाळणाऱ्यांच्या मंडळाचं काम बघते. आमची 41 घरं आहेत. आखूड केसांची कारवान अजून गावोगाव दिसतात. पण कानांवर, शेपटीला आणि पायांच्या मागच्या बाजूला रेशमासारखे केस असलेली पश्मी फार थोडी उरलीत. माझ्या सासऱ्यांकडे तीन होती. ती परंपरा माझ्या डोळ्यांदेखत संपू नये, म्हणून मी यात पडले.

पहिल्याच बैठकीत नावावरून वाद होणार. कुणी मुधोळ म्हणेल, कुणी कारवान. केनेल क्लब ऑफ इंडियात या जातीची नोंद कॅरव्हान हाउंड अशी होते, इंडियन नॅशनल केनेल क्लबात मुधोळ हाउंड अशी. कर्नाटकातल्या मुधोळ संस्थानचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी ही कुत्री जपली, वाढवली आणि इंग्लंडच्या राजाला एक जोडी भेट दिली; त्यातून ते नाव पसरलं. 2005 साली टपाल तिकीट निघालं, तेही मुधोळ नावानंच. आमच्याकडची म्हातारी माणसं मात्र कारवानच म्हणतात. अध्यक्षानं यात बाजू घेऊ नये. वहीत ‘मालक काय म्हणतो’ असा एक रकाना ठेवा आणि पुढच्या कामाला लागा.

नोंद बैठकीत होत नाही, ती घरी जाऊनच करावी लागते. आणि घरी गेलात की ओसरीवर बसून फक्त पुरुषांना विचारू नका. एका वस्तीवर मालक मला ठामपणे सांगत होते, कुत्री तीन वर्षांची आहे. आतून त्यांची बायको भाकरी थापता थापता म्हणाली, “तीन कुठली? धाकटीच्या बाळंतपणाच्या साली, पोळ्याच्या आधल्या सोमवारी झाली ती. सहा पिल्लं होती, दोन पावसात गेली.” जुन्या कॅलेंडरात पोळा शोधला आणि तारीख सापडली. कुत्री साडेचार वर्षांची निघाली. भाकरी-ताक कुत्र्यापुढे ठेवणारी घरातली बाईच असते. वेत कधी झालं, कुठलं पिल्लू कुठल्या गावाला गेलं, हे तिला तोंडपाठ असतं. तेव्हापासून मी थेट चुलीपाशी जाऊन बसते आणि वहीत मालकाच्या नावाखाली तिचंही नाव लिहिते.

काय लिहायचं? नाव, रंग, जन्मतारीख, आई, बाप, त्यांचे आईबाप, नर कुठल्या गावचा. जे ठाऊक नाही तिथे ‘माहीत नाही’ असं स्पष्ट लिहा. मालकाला बरं वाटावं म्हणून अंदाजानं बापाचं नाव लिहिलंत, तर पुढच्या पाच पिढ्यांची नोंद खोटी ठरते. उंची मोजताना कुत्रं भिंतीलगत सपाट जमिनीवर उभं करा, खांद्यावर आडवी पट्टी टेकवा, भिंतीवर खडूनं खूण करा आणि मग टेपनं मोजा. कुत्र्याच्या अंगावर टेप धरून मोजलेली उंची दर वेळी वेगळी येते.

खरी कसोटी लागते ती जोडी लावताना. प्रदर्शनात एखादा नर पहिला आला की सगळ्यांना आपल्या मादीसाठी तोच हवा असतो. असं चाललं तर थोड्याच वर्षांत तालुक्यातली सगळी पिल्लं एकमेकांची भावंडं होतात. म्हणून आमचा नियम आहे: एका नराची वर्षाला दोनच वेतं. मादी माजावर आली की मालक आधी फोन करतो, मी वही उघडते आणि तीन पिढ्यांत दोघांचा एकच आजा-पणजा निघाला तर नाही म्हणते. माणसं रागावतात. एक घर दोन वर्षं माझ्याशी बोलत नव्हतं. तरी नाहीच म्हणायचं. शर्यतीच्या वेगासाठी ग्रेहाउंडचं रक्त घालणाऱ्यांनाही हेच उत्तर. त्यांच्या पिल्लांना आमच्या वहीत जागा नाही.

पश्मीच्या बाबतीत आमच्या हातून एक मोठी चूक झाली, ती तुम्ही करू नका. आमची चांदणी पश्मी, तिला आखूड केसांच्या नराशी जोडलं. पाचही पिल्लं आखूड केसांची झाली. आम्हाला वाटलं, पश्मी गेली. पिल्लं नोंद न करताच शेतावर राखणीला देऊन टाकली. पुढे त्यांतली एक मादी योगायोगानं पश्मी नराला लागली आणि तिच्या पाचांतल्या दोघांच्या कानांवर ते रेशीम परत आलं. बहुतेक जातींत लांब केसांचा गुण असाच दबून राहतो आणि आईबाप दोघांकडून आला तरच दिसतो. म्हणजे पश्मीची आखूड केसांची पिल्लंही आपल्या कामाची आहेत. बाकीची चार आम्ही दोन वर्षं गावोगाव शोधत फिरलो. एकच सापडलं.

दवाखान्याचंही सांगते. या कुत्र्यांच्या अंगावर चरबी फार कमी असते. थायोपेंटोनसारखं भुलीचं औषध इतर कुत्र्यांच्या मानानं दिलं तर ती लवकर शुद्धीवर येत नाहीत, कधी दगावतात. माझा वाघ्या साध्या जखमेच्या टाक्यांसाठी टेबलावर गेला, तो उठलाच नाही. रात्री अकरापर्यंत मी त्याच्या पायावर हात ठेवून बसले होते. आता प्रत्येक सदस्याला आम्ही एक कार्ड देतो: ‘हे शिकारी जातीचं, कमी चरबीचं कुत्रं आहे. भूल देण्याआधी वजन करा आणि औषधाचा विचार करा.’ मंडळाच्या पैशांतून पहिला खर्च या कार्डांवर करा, दुसरा पार्व्हो (कुत्र्यांचा जीवघेणा जुलाब-उलटीचा आजार) आणि रेबीजच्या लसींवर.

कायद्याची कामं थोडक्यात. संस्था नोंदवायला किमान सात सभासद लागतात, अर्ज धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात. कार्यकारिणी बदलली की 90 दिवसांत बदल अर्ज द्या, तो राहिला की पुढे फार त्रास होतो. पैदास करून पिल्लं विकणाऱ्यांना 2017 चे नियम लागू आहेत: राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी हवी, आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं सशाची शिकार गुन्हा आहे. मारलेल्या सशाचा फोटो दाखवून कुत्र्याचा भाव वाढवणाऱ्याला आम्ही त्याच दिवशी मंडळातून काढतो. कुत्र्याला धावू द्यायचंच, पण रब्बी निघाल्यावर मोकळ्या रानात. आम्ही दोरीला गोणपाट बांधून मोटारसायकलमागे ओढतो.

नवीन घरं शोधायला मार्गशीर्षात लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या यात्रेला जा. खंडोबाच्या पायाशी कुत्रं असतंच, आणि त्या यात्रेत जनावरांच्या बाजारासोबत श्वान प्रदर्शनही भरतं. बक्षिसाच्या रांगेत उभं राहण्यापेक्षा पालांमधून फिरा. दोरीला साधं फडकं बांधून कुत्रं घेऊन आलेले म्हातारे तिथेच भेटतात. त्यांच्याशेजारी बसा, चहा मागवा, आधी कुत्र्याचं कौतुक करा, मग वही काढा. मात्र ती जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा. माझ्या पहिल्या वहीची बारा पानं भंडारा आणि दवानं पिवळी होऊन चिकटली, आणि त्यांतली सात घरं मला पुन्हा हिंडून लिहावी लागली.