तब्येत सांभाळून पदवी कशी पूर्ण करावी

पदवीचे शिक्षण सहसा एका दिवसात सुटत नाही. आधी काही तास बुडतात, मग एखादे प्रात्यक्षिक राहते, त्यामुळे अहवाल अपुरा पडतो, अहवाल दिला नाही म्हणून प्राध्यापकांसमोर जाण्याचा संकोच वाटू लागतो आणि त्या संकोचापायी पुढचेही तास बुडतात. या साखळीच्या सुरुवातीला पुष्कळदा एखादे आजारपण असते. मात्र विद्यार्थ्याचे नुकसान जितके आजाराने होते, तितकेच ते दुखणे अंगावर काढल्याने आणि कोणालाही न सांगितल्याने होते. आजार टाळणे नेहमी आपल्या हाती नसते. आजार आणि अभ्यासक्रम यांची सांगड वेळीच घालणे मात्र बऱ्याच अंशी हाती असते. ती कशी घालावी, हे पुढे क्रमाने मांडले आहे.

विद्यापीठात प्रवेश घेण्याचे वय आणि अनेक मानसिक आजार पहिल्यांदा डोके वर काढण्याचे वय जवळजवळ एकच असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने ८ देशांतील १९ विद्यापीठांत प्रथम वर्षाच्या सुमारे १४,००० विद्यार्थ्यांची पाहणी झाली. तिचे २०१८ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे सांगतात की, त्यांपैकी ३१ टक्के विद्यार्थ्यांमध्ये आधीच्या बारा महिन्यांत नैराश्य, चिंताविकार, व्यसन यांसारख्या किमान एका विकाराची लक्षणे दिसून आली होती. अमेरिकेतील एका विद्यापीठात झालेल्या आणि २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नैराश्याचा संबंध कमी गुणांशी आणि शिक्षण सोडण्याच्या वाढत्या शक्यतेशी आढळला. त्यातही उदास वाटण्यापेक्षा कशातच रस न वाटणे हे लक्षण गुणांच्या घसरणीशी अधिक निगडित होते. हा संबंध दोन्ही बाजूंनी चालतो: तब्येत बिघडली की अभ्यास मागे पडतो, आणि अभ्यास मागे पडल्याच्या धास्तीने झोप उडते, जेवणाच्या वेळा चुकतात व तब्येत आणखी खालावते. म्हणून पुढील पायऱ्यांमध्ये वैद्यकीय उपचार आणि विद्यापीठाचे कामकाज हे दोन्ही एकत्र घेतले आहेत.

पायरी १ : सत्राच्या पहिल्याच आठवड्यात नियम वाचून ठेवा

आजारी पडल्यावर नियमावली वाचण्याची ताकद उरत नाही, म्हणून हे काम धडधाकट असतानाच करावे. उपस्थितीची किमान अट किती आहे, वैद्यकीय कारणास्तव ती शिथिल होते का, हुकलेल्या परीक्षेऐवजी दुसरी संधी कधी मिळते, एखादा विषय सोडण्याची शेवटची तारीख कोणती, आणि पदवी जास्तीत जास्त किती वर्षांत पूर्ण करावी लागते, एवढी माहिती एका कागदावर लिहून ठेवली तरी पुरे. शिष्यवृत्ती मिळत असेल, तर ती चालू राहण्यासाठी किमान किती विषय घ्यावे लागतात, हेही त्याच कागदावर लिहावे.

दमा, मधुमेह, अपस्मार, अर्धशिशी यांसारखा जुना आजार असणाऱ्यांनी याच आठवड्यात आणखी दोन गोष्टी कराव्यात. एक म्हणजे, राहण्याचे ठिकाण बदलले असेल तर नव्या ठिकाणचा डॉक्टर शोधून जुनी कागदपत्रे आणि औषधांची चिठ्ठी त्यांच्याकडे पोहोचवावी. घरून आणलेली औषधे संपेपर्यंत वाट पाहू नये. दुसरी म्हणजे, विद्यापीठाच्या अपंग विद्यार्थी साहाय्य विभागाकडे नोंदणीची चौकशी करावी. दीर्घकालीन आजार आणि मानसिक विकार यांचाही समावेश अशा तरतुदींमध्ये अनेक ठिकाणी होतो, हे पुष्कळांना माहीत नसते. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ सालच्या अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या करारातील कलम २४ उच्च शिक्षणातही अशा वाजवी सोयी मिळाव्यात असे स्पष्टपणे म्हणते. परीक्षेत जादा वेळ, वेगळी खोली किंवा मधली विश्रांती मागणे म्हणजे कोणाकडे मेहेरबानी मागणे नव्हे.

पायरी २ : झोप वेळापत्रकात आधी लिहा

अठरा ते पंचवीस या वयात रात्री साधारण सात ते नऊ तास झोप लागते. ही गोष्ट सर्वांना ठाऊक असते आणि तरीही सर्वांत आधी झोपेवरच कात्री चालते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या मनगटावर झोप मोजणारे उपकरण बांधून सत्रभर नोंदी ठेवल्या गेल्या. परीक्षेच्या आदल्या रात्रीच्या झोपेचा गुणांशी काही संबंध आढळला नाही. आधीच्या आठवड्यांतील झोप किती, किती चांगली आणि किती नियमित होती याचा मात्र स्पष्ट संबंध आढळला. परीक्षेपूर्वी एक रात्र गाढ झोपून महिन्याभराची तूट भरून निघत नाही, याचे कारण समजण्यासारखे आहे: दिवसा शिकलेले पक्के होण्याचे काम मेंदू त्या-त्या रात्रीच करत असतो.

त्यामुळे आठवड्याचे वेळापत्रक आखताना उठण्याची वेळ प्रथम ठरवावी, ती सुट्टीच्या दिवशीही फारशी बदलू नये, आणि तिच्यापासून आठ तास मागे मोजून दिवे मालवण्याची वेळ लिहावी. अभ्यास उरलेल्या वेळेत बसवावा. चहा-कॉफीतील कॅफिनचे शरीरातील प्रमाण निम्म्यावर यायला साधारण पाच तास लागतात, म्हणून संध्याकाळनंतर ते टाळलेले बरे. व्यायामाविषयी फार लिहीत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सांगितलेली आठवड्याला किमान १५० मिनिटांची मध्यम हालचाल पायी चालूनही होते.

पायरी ३ : दोन आठवडे टिकलेली तक्रार डॉक्टरांना दाखवा

थकवा, भूक मंदावणे, झोप न लागणे किंवा सतत झोप येणे, लक्ष न लागणे, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींचाही कंटाळा येणे, यांपैकी काहीही बहुतेक दिवस दोन आठवडे टिकले, तर तपासणी करून घ्यावी. ‘आळस वाढला आहे’ असे स्वतःला बजावत राहण्यात सत्र निघून जाते. अशा थकव्यामागे रक्तातील लोहाची कमतरता, थायरॉइडचा बिघाड, घसादुखी आणि तापानंतर आठवडेच्या आठवडे रेंगाळणारा विषाणूसंसर्ग किंवा नैराश्य, यांपैकी काहीही असू शकते, आणि प्रत्येकाचा उपचार वेगळा असतो. डॉक्टरांकडे जाताना तक्रार कधी सुरू झाली, झोप किती होते, कोणती औषधे चालू आहेत आणि अभ्यासावर नेमका काय परिणाम झाला आहे, हे चार ओळींत लिहून न्यावे.

आत्महत्येचे विचार येत असतील, तर ही दोन आठवड्यांची मर्यादा लागू नाही. त्याच दिवशी जवळच्या माणसाला स्पष्ट शब्दांत सांगावे, एकटे राहू नये आणि तातडीच्या विभागात जावे. मित्र किंवा मैत्रीण असे काही बोलली, तर सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार मनात रुजतो ही समजूत खरी नाही.

पायरी ४ : मुदत उलटण्याआधी कळवा

माझ्या मते सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत जास्त टाळली जाणारी पायरी हीच आहे. मुदतीच्या आधी आलेल्या पत्राला प्राध्यापक पर्याय देऊ शकतात. मुदत उलटून महिना झाल्यावर त्यांच्याही हातात फारसे काही राहत नाही. पत्र लांबलचक नसावे. पुढील नमुना पुरेसा आहे:

‘मी आपल्या द्वितीय वर्षाच्या सांख्यिकीच्या वर्गातील विद्यार्थी असून सोमवारपासून आजारी आहे. डॉक्टरांनी दोन आठवडे विश्रांती सांगितली असून प्रमाणपत्र सोबत जोडले आहे. या काळात दोन प्रात्यक्षिके आणि एक गृहपाठ येतो. प्रात्यक्षिके दुसऱ्या तुकडीबरोबर करता येतील का, आणि गृहपाठ २० तारखेपर्यंत दिल्यास चालेल का, हे कृपया कळवावे.’

या पत्रात आजाराचे नाव नाही, आणि बहुतेक वेळा ते लिहिण्याची गरजही नसते. किती दिवस, कोणते काम आणि कोणती विनंती, एवढे मात्र नेमके हवे. हातून लिहवत नसेल, तर मित्राकडून लिहून घ्यावे. प्रमाणपत्रावर तारखा स्पष्ट आहेत का हे दवाखान्यातून निघण्यापूर्वीच पाहावे, कारण पुढे बहुतेक अर्ज तारखांवरच अडतात.

पायरी ५ : भार कमी करायचा की सत्र सोडायचे, हे ठरवा

येथे आठवडे मोजावे लागतात. सत्र साधारण पंधरा-सोळा आठवड्यांचे असते. नैराश्यावरील औषधांचा गुण पुरता जाणवायला बहुधा चार ते सहा आठवडे लागतात, आणि समुपदेशनाच्या बैठकाही दर आठवड्याला एक याप्रमाणे काही महिने चालतात. तिसऱ्या आठवड्यात उपचार सुरू झाले, तर निम्म्या सत्राच्या सुमारास तब्येत सावरू लागण्याची आशा ठेवता येते. दहाव्या आठवड्यात सुरू झाले, तर गुण येण्याच्या सुमारास परीक्षा दारात असते. हा हिशेब डॉक्टर आणि मार्गदर्शक प्राध्यापक या दोघांसमोर मांडावा, कारण एकाला आजाराची वाटचाल ठाऊक असते आणि दुसऱ्याला अभ्यासक्रमाची.

सगळे विषय अर्धेमुर्धे रेटून चारांत नापास होण्यापेक्षा एक-दोन विषय मुदतीत सोडून उरलेले नीट पूर्ण करणे केव्हाही चांगले. कोणते सोडावेत, हे आवडीवर ठरवू नये. जो विषय पुढच्या वर्षाच्या विषयांचा पाया आहे किंवा जो वर्षातून एकदाच शिकवला जातो, तो शक्यतो राखावा. जो पुढच्या सत्रात पुन्हा घेता येतो, तो सोडावा.

रुग्णालयात राहावे लागत असेल, किंवा रोजचे जेवण-झोपही जमत नसेल, तर संपूर्ण सत्राची वैद्यकीय रजा घेणेच योग्य. ती घेताना परतीची तारीख, शुल्काचे काय होणार, वसतिगृहातील जागा राहील का, विद्यार्थी म्हणून मिळणारा आरोग्य विमा चालू राहील का, आणि रजेचा काळ पदवीच्या कमाल मुदतीत धरला जाणार का, हे लेखी घ्यावे. परदेशात शिकणाऱ्यांनी व्हिसावर होणारा परिणाम रजेवर सही करण्याआधी विचारावा, कारण काही देशांत विषय कमी केले तरी परवान्याला धक्का लागतो.

पायरी ६ : परतण्याची तयारी आधीपासून करा

रजेवर असताना एका वर्गमित्राशी आणि मार्गदर्शक प्राध्यापकांशी संपर्क तुटू देऊ नये. महिन्यातून एक निरोपही पुरतो. परतल्यावरच्या पहिल्या सत्रात नियमांत बसतील तेवढे कमीत कमी विषय घ्यावेत आणि बरे वाटू लागले म्हणून उपचार आपल्या मनाने थांबवू नयेत. परत प्रवेश घेताना तब्येत शिक्षण घेण्याजोगी असल्याचे डॉक्टरांचे पत्र अनेक ठिकाणी मागितले जाते. डॉक्टरांची वेळ मिळायला उशीर लागतो आणि अर्जाची मुदत सत्र सुरू होण्याच्या बरीच आधी असू शकते, म्हणून ती तारीख रजेवर जातानाच विचारून तिच्या महिनाभर आधीची भेट ठरवून ठेवावी.