छत्तीसचा आकडा: आपला हॉकीवाला संपलाय का, हे बघायचं कसं आणि बोलायचं कसं

दर मोठ्या स्पर्धेनंतर आमच्या ग्रुपवर तेच भांडण पेटतं. कुणीतरी लिहितो "ह्याचं झालं आता, बास कर म्हणावं", दुसरा लगेच त्याच प्लेअरचा आठ वर्षांपूर्वीचा गोल टाकतो, तिसरा म्हणतो जागा अडवून बसलाय, आणि रात्री एकपर्यंत हे चालतं, सकाळी कुणीच कुणाशी नीट बोलत नाही. मी खडकीतला, लहानपणापासून हॉकी बघतोय, आणि ह्या भांडणात मी दोन्ही बाजूंनी भांडलोय. त्यातून जे कळलं ते इथे लिहून ठेवतो, कारण ज्या माणसाने पंधरा-पंधरा वर्षं देशासाठी गुडघे झिजवले त्याच्याबद्दल बोलताना थोडी तरी तयारी असावी असं मला मनापासून वाटतं.

पहिली गोष्ट, आणि ही कळली की अर्धं भांडण तिथेच मिटतं. निर्णय दोन वेगळे आहेत. टीममध्ये घ्यायचं की नाही हा सिलेक्टरचा आणि कोचचा, रिटायर कधी व्हायचं हा प्लेअरचा. आपण दोन्हीची खिचडी करतो. एखादा स्लो झाला असं वाटलं की आपण त्यालाच म्हणतो "सोड आता", पण यादी तो बनवत नाही ना. त्याला खेळायचंय, अंगात आहे असं त्याला वाटतंय, तर तो खेळणारच आणि खेळावंच त्याने. निवडायचा नसेल तर ज्यांनी निवडायचं त्यांनी निवडू नये आणि तसं त्याला तोंडावर सांगावं. आपण प्लेअरवर ओरडत बसलो की सांगायची जबाबदारी ज्यांची असते ते आरामात सुटतात. म्हणून "रिटायर हो" हे वाक्य मी वापरायचं सोडून दिलं. त्याऐवजी विचारायचं, आजच्या टीममध्ये हा कुठे आणि किती मिनिटं बसतो?

आता वय. जन्मतारखेवरून काहीही ठरवू नका. 2004 ला अथेन्समध्ये आपला खडकीचा फॉरवर्ड धनराज पिल्ले 36 वर्षांचा होता, चौथं ऑलिम्पिक, आणि तिथे त्याचा बराच वेळ बेंचवर गेला, आमच्या खडकीत त्याचं दुःख अजून निघतं. 2012 ला लंडनमध्ये हॉलंडचा मिडफिल्डर ट्यून डी नॉयर पण 36 चाच, तो फायनल खेळून सिल्वर घेऊन गेला. 2024 ला पॅरिसमध्ये आपला गोलकीपर श्रीजेश, परत 36, आणि ब्रिटनविरुद्ध अमित रोहिदासला रेड कार्ड मिळाल्यावर दहा जणांनी मॅच 1-1 अशी धरून ठेवली ती त्याच्या जोरावर, मग शूटआउट 4-2. तीन माणसं, एकच वय, तीन वेगळे शेवट. फॉरवर्डचं काम वेगळं, मिडफिल्डरचं वेगळं, गोलकीपरचं तर पूर्णच वेगळं. फॉरवर्डला स्फोटासारखं पळायचं असतं, तो चार-पाच मिनिटं जीव तोडून प्रेस करतो आणि बाहेर येतो, परत आत जातो, हॉकीत बदली प्लेअर कितीही वेळा आत-बाहेर करता येतात म्हणून हे चालतं. कीपरला नजर, अंदाज आणि समोरच्या डिफेन्सला ओरडून उभं करणं जमलं पाहिजे, आणि ते वर्षांनी वाढतं. तेव्हा "36 झाला" हे वाक्य पोझिशन न सांगता बोलूच नका.

उलट बाजूनेही बघा. आपल्या मुलींच्या टीमची कॅप्टन राहिलेली राणी रामपाल ऑक्टोबर 2024 मध्ये थांबली तेव्हा तीस पण पूर्ण नव्हती. ऐकणारा म्हणेल एवढ्यात कशी काय, पण ती चौदाव्या वर्षी इंडियाकडून खेळायला लागली होती, 2010 चा वर्ल्ड कप पंधराव्या वर्षी खेळली, टोकियो ऑलिम्पिकमध्ये टीमला चौथ्या नंबरपर्यंत घेऊन गेली आणि त्यानंतर दुखापतींनी तिला बाहेर ठेवलं. शरीर जन्माचा दाखला वाचत नाही, टर्फवर घालवलेली वर्षं मोजतं. म्हणून वयाच्या शेजारी नेहमी "किती वर्षं खेळतोय" हा आकडा लिहा, आणि त्याच्या शेजारी दुखापती. मुलींच्या बाबतीत अजून एक, लग्न कधी, घर कधी हे विषय त्यात आणू नका, मी आमच्या ग्रुपवर हे वाचलंय आणि मला फार वाईट वाटलं.

आता मॅच बघायची कशी. हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण बहुतेक लोक फक्त बॉल बघतात आणि टीव्ही पण फक्त बॉलच दाखवतो. एक प्लेअर ठरवा, आणि चौथ्या क्वार्टरची पंधरा मिनिटं फक्त त्याच्याकडे बघा. पहिल्या क्वार्टरमध्ये सगळेच तरुण असतात.

त्यात पहिलं बघायचं ते बॉल गेल्यानंतरची तीन पावलं. स्वतःकडून बॉल सुटला की तो लगेच वळतो का, का एक सेकंद उभा राहून हात वर करतो. पळण्याचा स्पीड नंतर, आधी हे वळणं. ज्याचं वळणं शाबूत आहे तो हळू पळत असला तरी वेळेवर पोचतो, कारण तो लवकर निघतो. मी स्वतः आता रविवारी खेळताना हे दर वेळी अनुभवतो, डोकं सांगतं वळ आणि कंबर अर्धा सेकंद उशिरा ऐकते, त्या अर्ध्या सेकंदात समोरचा पोरगा निघून गेलेला असतो.

दुसरं फर्स्ट टच. जोरात आलेला पास स्टिकवर मरतो की हातभर पुढे उडतो. दमलेल्या माणसाचा पहिल्यांदा हाच बिघडतो. दोनदा बॉल उडाला तर काही नाही, पण पाच मॅच सलग चौथ्या क्वार्टरमध्येच उडत असेल तर नोंद घ्या.

तिसरं कार्ड. हे फार कमी लोक बघतात. पाय उशिरा पोचायला लागले की टॅकल उशिरा होतो, टॅकल उशिरा झाला की स्टिकवर स्टिक बसते, आणि ग्रीन कार्ड म्हणजे दोन मिनिटं टीम दहा जणांची. एखादा शांत डिफेंडर अचानक कार्ड घ्यायला लागला तर त्याचा स्वभाव बदलला असं समजू नका, त्याचे पाय बदललेत.

आणि चौथं, जे स्कोअरकार्डवर कधीच येत नाही, तो उभा कुठे राहतो. चांगला सिनियर पळत नाही असं वाटतं कारण त्याला पळायची गरज पडत नाही, तो पास जायच्या वाटेवर आधीच जाऊन उभा असतो आणि समोरचा तो पास देतच नाही. मग आपण म्हणतो आज हा दिसलाच नाही. अहो तो दिसला नाही कारण बॉल त्याच्या बाजूने आलाच नाही. हे टीव्हीवर कळत नाही, त्यासाठी ग्राउंडवर जावं लागतं, जमेल तेव्हा जाच.

ड्रॅगफ्लिकरचं, म्हणजे पेनल्टी कॉर्नरला एकाने पुश केलेला आणि दुसऱ्याने थांबवलेला बॉल स्टिकने ओढून गोलकडे फेकणाऱ्याचं, वेगळं बघायचं. फ्लिक कंबर आणि पाठीतून निघते, जोर पहिला तिथे कमी होतो. पण नुसता जोर कमी झाला म्हणजे संपला असं होत नाही, तो जागा बदलून मारतो का, कीपरला चकवतो का, व्हेरिएशनमध्ये दुसऱ्याला बॉल सोडतो का हे बघा. पेनल्टी कॉर्नर गेला की लगेच शिव्या देऊ नका, पुश नीट आला होता का आणि स्टॉपरने नीट थांबवला होता का ते आधी रिप्लेमध्ये बघा.

फिटनेस टेस्टचे आकडे कुणी तोंडावर फेकले तर? मिडफिल्डर सरदार सिंग आठवा. यो-यो टेस्टमध्ये, म्हणजे वाढत्या स्पीडने पुन्हा पुन्हा पळायच्या दमाच्या टेस्टमध्ये, 21.4 काढलेत असं त्याने स्वतः सांगितलं होतं, क्रिकेटवाल्यांशी तुलना करून लोक खुश झाले होते. 2018 ला कॉमनवेल्थच्या टीममध्ये तो नव्हता, मग चॅम्पियन्स ट्रॉफीला परत आला, सिल्वर मिळालं, टोकियोपर्यंत खेळायचं म्हणत होता. मग जकार्ताच्या एशियाडमध्ये ब्राँझवर समाधान मानावं लागलं आणि सप्टेंबरमध्ये 32 व्या वर्षी तो थांबला, त्याच वेळी कॅम्पच्या यादीतून त्याचं नाव गेलं होतं आणि भुवनेश्वरचा वर्ल्ड कप जेमतेम अडीच महिन्यांवर होता. म्हणजे फुप्फुस तयार होतं तरी जागा गेली. तेव्हा मी पण लिहिलं होतं की सेंटर हाफमध्ये गेम स्लो होतोय, आणि मला अजूनही वाटतं की त्यात थोडं तथ्य होतं, पण मी ते "म्हातारा झाला" अशा शब्दांत लिहिलं होतं आणि ते शब्द चुकीचे होते. टेस्ट सांगते किती पळू शकतो. मॅचमध्ये किती लवकर ठरवतो ते टेस्ट सांगत नाही, दोन्ही बाजूंनी.

घाई केली की काय होतं त्याचं उदाहरण परत धनराजच. 1998 ला बँकॉकमध्ये त्याच्या कॅप्टनशिपमध्ये 32 वर्षांनी एशियाडचं गोल्ड आलं, आणि त्यानंतर लगेच तो आणि बाकीचे काही सिनियर टीमबाहेर. वय 30. तोच माणूस पुढे 2003 ला क्वालालंपूरमध्ये कॅप्टन म्हणून आशिया कप घेऊन आला, 35 व्या वर्षी. फॅक्टरीच्या कॉलनीतला, तुटक्या स्टिकने खेळून मोठा झालेला पोरगा, त्याला कुणी सांगून थोडाच थांबणार होता. पाच वर्षं आधी संपला म्हणणाऱ्यांचं ऐकलं असतं तर मधल्या काळात आपण काय काय गमावलं असतं, विचार करा.

पण हेही खरं की मागे कोण उभा आहे ते बघितल्याशिवाय मत देऊ नये. श्रीजेशच्या मागे कृष्ण पाठक होता, मुंबईचा सूरज करकेरा होता, ह्या पोरांनी वर्षानुवर्षं वाट बघितली. ऑलिम्पिकला टीम सोळा जणांची, पॅरिसला त्यात कीपर एकच. सिनियरच्या प्रेमात आपण ह्यांची नावं पण विसरतो. म्हणून माझा नियम असा, कुणाला काढा म्हणायचं असेल तर त्याच दमात त्याच्या जागी कोण ते नाव सांगायचं, आणि त्या पोराच्या निदान चार मॅच बघितलेल्या असायला पाहिजेत. नाव सांगता येत नसेल तर गप्प बसायचं. कुणाला ठेवा म्हणायचं असेल तरी हेच, कुणाच्या जागेवर ठेवायचं ते सांगा.

मग कॅलेंडर उघडा. हॉकीचं आयुष्य चार वर्षांच्या हप्त्यांत चालतं. एशियाडचं गोल्ड जिंकलं की थेट ऑलिम्पिकचं तिकीट, जसं हांगझोऊला मिळालं. 2026 ला ऑगस्टमध्ये हॉलंड-बेल्जियममध्ये वर्ल्ड कप, लगेच सप्टेंबरमध्ये जपानला एशियाड, 2028 ला लॉस एंजेलिस. 33-34 च्या प्लेअरबद्दल बोलताना हे ठरवा की तुम्ही कुठल्या स्पर्धेबद्दल बोलताय. एशियाडला हवा आणि 2028 ला नको, हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं आणि तसं स्पष्ट म्हटलं तर कुणी भांडत पण नाही.

पैशाचं थोडक्यात. हॉकीत क्रिकेटसारखी पेन्शनची चिंता मिटत नाही, बहुतेकांचं घर रेल्वे, ऑइल कंपनी, पोलीस अशा नोकरीवर चालतं. त्यामुळे "एवढं कमावलं, आता घरी बस" हे वाक्य ह्या खेळात बसतच नाही.

आणि जाहीर केल्यावर? श्रीजेशने पॅरिसची स्पर्धा सुरू व्हायच्या आधीच सांगून टाकलं, ही आपली शेवटची स्पर्धा. मला हे सगळ्यात आवडलं, कारण आम्हाला प्रत्येक मॅच शेवटची म्हणून बघता आली, ब्राँझच्या मॅचमध्ये स्पेनविरुद्ध 2-1 झालं तेव्हा घरात सगळे उभे होते आणि आई रडत होती. पण प्रत्येकाला असा शेवट मिळत नाही, तेव्हा शेवटावरून करिअर तोलू नका. आणि थांबला म्हणजे गंगेत घोडं न्हालं असंही समजू नका. रुपिंदर पाल सिंग आणि बिरेंद्र लाक्रा हे दोन डिफेंडर टोकियोच्या ब्राँझनंतर सप्टेंबर 2021 मध्ये थांबले, आणि 2022 च्या आशिया कपला नवीन पोरांची टीम पाठवायची म्हटल्यावर दोघंही परत आले, रुपिंदरला कॅप्टन केलं, त्याला दुखापत झाली तर लाक्राने टीम सांभाळली आणि ब्राँझ आणलं. अशा वेळी "मग रिटायर झालाच कशाला" असं लिहू नका, टीमला गरज होती, ते आले. मुलींच्या टीममधल्या वंदना कटारियाने 2025 ला इंटरनॅशनल सोडलं तेव्हा लीगमध्ये खेळत राहीन असं सांगितलं, तेही तितकंच बरोबर.

नाव यादीत नसेल आणि कुणी काहीच बोलत नसेल तर मात्र बोला, जोरात बोला, पण विचारा फेडरेशनला, की त्याला सांगितलंय का, शेवटची मॅच देणार का.

आणि तो घरगुती हॉकी खेळत असेल तर बघायला जा. मुंबईला चर्चगेटजवळ महिंद्रा स्टेडियमला बॉम्बे गोल्ड कप होतो तेव्हा रेल्वे, पेट्रोलियमच्या टीममधून असे कितीतरी जुने इंडियाचे प्लेअर खेळताना दिसतात, गर्दी नसते, कठड्यापाशी उभं राहिलं तर त्यांचा श्वास पण ऐकू येतो. मॅच संपल्यावर तो बॅग उचलून तुमच्या बाजूने जाईल. सेल्फी नंतर काढा, आधी विचारा, गुडघा कसा आहे.