जुनं डिझेल मशीन बदलण्याआधी ते लिटरमागे किती पाणी उचलतं हे कसं मोजायचं

बडोद्यातल्या बऱ्याच मराठी घरांची थोडीफार जमीन अजून डभोई, पादरा, सावलीकडे आहे आणि जिथे लाइटची मोटर नाही किंवा कॅनॉलवरून पाइप टाकून पाणी घ्यावं लागतं तिथे आजही डिझेलचं मशीनच चालतं, मग रब्बीचं पाणी सुरू झालं की घरात विषय निघतोच, जुनं काढायचं का, नवीन खूप कमी डिझेल खातं म्हणे. दुकानदार पण तेच सांगतो. पण कमी म्हणजे किती, आणि कशापेक्षा कमी? जुन्या मशीनचा आकडा आपल्याकडे नसतोच. तो काढायला एक ड्रम, मोबाइल, मापाचं भांडं आणि टेप एवढंच लागतं, एक सकाळ पुरते.

ही पद्धत अडीचशे वर्षं जुनी आहे आणि ती कुठून आली हे कळलं की मोजताना काय धरायचं काय सोडायचं ते आपोआप कळतं म्हणून आधी तेवढं सांगतो. इंग्लंडात 1712 पासून खाणीतलं पाणी उपसायला न्यूकॉमेन नावाच्या माणसाचं वाफेचं इंजिन होतं. सिलिंडरमध्ये वाफ भरायची, मग त्याच सिलिंडरमध्ये गार पाणी मारायचं, वाफेचं पाणी झालं की आत पोकळी तयार होते आणि बाहेरच्या हवेचा दाब पिस्टनला खाली ढकलतो. चालायचं छान, पण कोळसा प्रचंड खायचं. 1763-64 च्या सुमारास ग्लासगो विद्यापीठातलं ह्याच इंजिनाचं छोटं मॉडेल जेम्स वॉटकडे दुरुस्तीला आलं, आणि त्याच्या लक्षात आलं की प्रत्येक फेरीला सिलिंडर गार होतो आणि पुढची वाफ आधी तो तापवण्यातच संपते. 1765 मध्ये उपाय सुचला, वाफ गार करायचं भांडं वेगळं ठेवायचं, सिलिंडर कायम गरम ठेवायचा. पेटंट 1769 चं, पण विकता येईल असं इंजिन चालायला 1776 उजाडलं कारण एवढा मोठा सिलिंडर आतून एकसारखा गोल कापून द्यायलाच कोणी नव्हतं, ते काम विल्किन्सन नावाच्या कारखानदाराच्या तोफा कापायच्या तंत्राने झालं. साध्या न्यूकॉमेन इंजिनाच्या साधारण एक तृतीयांश कोळशात तेवढंच पाणी वर यायला लागलं.

मला सगळ्यात भारी वाटतं ते पुढचं. वॉट आणि त्याचा भागीदार बोल्टन खाणवाल्यांना म्हणाले, जुन्या इंजिनाच्या तुलनेत जेवढा कोळसा वाचेल त्याच्या किमतीचा एक तृतीयांश हिस्सा आम्हाला द्या. आता वाचलं किती हे ठरवायचं तर मोजावंच लागणार ना, म्हणून इंजिनावर फेऱ्या मोजणारा काउंटर बसवला, तो पण कुलूपबंद पेटीत, आणि ठराविक कोळशात किती पाणी किती उंच गेलं हा हिशोब सुरू झाला. त्याला ड्यूटी म्हणायचे. आपण पण तेच काढणार आहोत, कोळशाच्या जागी डिझेल.

आधी मशीन नेहमीच्या लोडवर 15-20 मिनिटं चालू द्या, गार मशीनचा आकडा घेऊ नका, तो फसवा येतो. मग मशीन बंद करा, डिझेलची टाकी ठराविक खुणेपर्यंत भरा, वेळ लिहा आणि बरोबर एक तास चालवा. परत बंद करून थोडं निवू द्या आणि मापाच्या भांड्याने त्याच खुणेपर्यंत भरा, जेवढं लागलं तेवढं तासाचं डिझेल. टाकी पसरट असेल तर पातळी दोन सूत इकडेतिकडे झाली तरी बराच फरक पडतो, तेव्हा खूण टाकीच्या अरुंद गळ्याशी करा. चालू मशीनमध्ये डिझेल ओतायचं नाही, आणि पट्ट्यावर चालणारं मशीन असेल तर ओढणी, गमछा, लहान मुलं सगळं लांब.

त्या तासातच पाणी मोजून घ्या. 200 लिटरचा ड्रम डिलिव्हरी पाइपखाली धरायचा आणि भरायला किती सेकंद लागले ते मोबाइलवर बघायचं, असं तीन-चार वेळा करून सरासरी. धार फार मोठी असेल आणि ड्रम 8-10 सेकंदांत भरत असेल तर सेकंदाची चूक पण महाग पडते, मग हौदात सोडा, लांबी गुणिले रुंदी गुणिले चढलेली पातळी.

तिसरा आकडा उंचीचा आणि बहुतेक लोक इथेच गडबड करतात. पाइपची लांबी मोजायची नाही. विहिरीतल्या किंवा कॅनॉलच्या पाण्याच्या पातळीपासून पाणी जिथे बाहेर पडतं त्या तोंडापर्यंतची सरळ उभी उंची धरायची, टेपला वजन बांधून सोडा. आणि विहिरीत हे मशीन चालू असतानाच मोजा, उपसा सुरू झाला की पातळी खाली जाते. पाइपमधल्या घर्षणाने जे वाया जातं ते मुद्दामच उंचीत धरत नाही कारण आपल्याला तो तोटा दिसायलाच हवा आहे.

आता हिशोब. समजा ड्रम 20 सेकंदांत भरला म्हणजे सेकंदाला 10 लिटर, तासाला 36,000. डिझेल तासाला 0.9 लिटर, म्हणजे एका लिटरवर 40,000 लिटर पाणी. उंची 12 मीटर. 40 (हजार लिटर) गुणिले 12 (मीटर), म्हणजे 480. अर्थ असा की एका लिटर डिझेलवर तुमच्या मशीनने 1000 लिटर पाणी 480 मीटर उचलण्याइतकं काम केलं. डिझेलमधली सगळी ऊर्जा पाणी उचलण्यात गेली असती तर हाच आकडा साधारण 3,670 आला असता, म्हणून आलेल्या आकड्याला 36.7 ने भागा की टक्केवारी, इथे 13 टक्के. घाबरू नका, छोटं इंजिन 25-30 टक्के आणि पंप त्याचा अर्धा, असं धरलं तर 12 ते 15 मध्ये असणं ठीकच आहे. 8-9 च्या खाली असेल तर मात्र कुठेतरी डिझेल नुसतं जळतंय. (ह्याच मापात पण एक किलो कोळशावर, साधं न्यूकॉमेन इंजिन साधारण 20, वॉटचं 60-65, आणि 1835 मध्ये कॉर्नवॉलच्या फॉवी कॉन्सोल्स खाणीतल्या इंजिनाच्या चाचणीत 400 च्या आसपास. मोजमाप सुरू झाल्यानंतरच्या साठ वर्षांतली मजल आहे ही!)

आकडा कमी आला तरी लगेच शोरूमला जाऊ नका. वॉटच्याच काळात स्मीटन नावाचा इंजिनिअर होता, त्याने न्यूकॉमेन इंजिनात एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि परत मोजायचं असं करत करत काही नवीन शोध न लावता जुन्याच इंजिनाचं काम जवळपास दुप्पट केलं. आपल्याकडे पहिला संशय फुटव्हॉल्व्हवर (पाणी ओढणाऱ्या पाइपच्या बुडलेल्या टोकाचा व्हॉल्व्ह) घ्या, जाळी गाळाने भरलेली किंवा तोंड अरुंद असेल तर पंप पाणी ओढण्यातच दमतो. मग पाइप बघा, पंपापेक्षा बारीक आहे का, उगाच काटकोनात बेंड किती, डिलिव्हरीचं तोंड गरजेपेक्षा उंच नेलंय का. ते एक मीटर खाली आणलं तर तेवढं काम फुकट वाचतं. पट्टा सैल आहे का, सायलेन्सरमधून काळा धूर येतोय का, येत असेल तर डिझेल फवारणारं नोझल आणि एअर फिल्टर बघा. आणि एक गोष्ट जी खूप जण उलटी करतात, विहिरीचं गार पाणी थेट इंजिनात जोरात सोडतात की मशीन थंड राहील. इंजिन गरजेपेक्षा गार ठेवलं की उष्णता पिस्टन ढकलायच्या ऐवजी पाण्याबरोबर निघून जाते, वॉटने पकडलेली चोरी पण सिलिंडरच्या भिंतीवरच होत होती. बाहेर पडणारं पाणी 60 अंशांच्या आसपास असावं, इंजिनात जाणाऱ्या पाण्याचा कॉक थोडा बंद करून ते जमतं. एकेक बदल करा, प्रत्येक वेळी मोजा, सगळं एकदम केलं तर कशाने फरक पडला ते कळणारच नाही.

एवढं करूनही नवीन घ्यायचं की नाही हे चालवण्याच्या तासांवर आहे. कॉर्नवॉलला कोळसा नव्हता, जहाजाने वेल्सहून यायचा, म्हणून तिथे वॉटचं इंजिन पटापट घेतलं, आणि कोळशाच्या खाणींवर मात्र जुनी न्यूकॉमेन इंजिनं अजून कितीतरी वर्षं चालली कारण तिथे न विकला जाणारा चुरा दारातच पडलेला असायचा. त्यांचं चुकलं नव्हतं. आपल्या डभोई-मियागाम नॅरोगेज (अरुंद रुळांच्या) रेल्वेवर 1862 मध्ये रूळ पडले पण गाड्या बैल ओढायचे, इंजिनं नियमित चालली ती 1873 पासून, आधीचे रूळ त्यांचं वजन पेलण्यासारखे नव्हतेच. नुसतं इंजिन चांगलं असून भागत नाही, तुमचा पाइप, पंप, विहीर त्याला झेपणारी हवी, 5 एचपीचा पंप आणि 8 एचपीचं मशीन असं केलं तर डिझेल वाचणार नाही.

वर्षाला 300 तास चालत असेल तर 0.9 ने 270 लिटर डिझेल. दुकानदाराच्या नवीन मशीनने 480 चे 640 केले असं धरू, तर तेवढ्याच पाण्याला 202-203 लिटर लागेल, 67 लिटर वाचले, 90 रुपये धरले तर वर्षाला 6,000 रुपये. नवीन मशीनच्या किमतीला ह्याने भागा, वर्षं कळतील. 60 तासच चालत असेल तर बचत 1,200 वर येते, मग जुनंच नीट करा.

घ्यायचंच ठरलं तर दुकानदाराला एचपी आणि मायलेज विचारू नका, तुमच्याच विहिरीवर, तुमच्याच पाइपला लावून एक तास चालवून दाखव म्हणा आणि ड्रम लावा. नाही म्हणाला तर निदान ते मशीन आधीच घेतलेल्या एखाद्या शेतकऱ्याकडे जाऊन हीच तीन मापं घ्या, लोक आनंदाने घेऊ देतात. आणि जुन्या मशीनचे आकडे तारखेसकट वहीत लिहून ठेवा, सोबत विहिरीची पातळी पण लिहा, कारण नोव्हेंबरचा आणि मेचा आकडा सारखा येणार नाही.