रेस तोंडावर आलीय आणि नवीन ट्राय बाईक (ट्रायथलॉनसाठीची सायकल) घ्यायचीय?

तीन-चार आठवडे हातात असतील तर घ्या, पण शेवटच्या आठवड्यात घेऊन थेट स्टार्टला उभं राहू नका प्लीज, अंगाला सवय व्हायला वेळ लागतोच. घेताना रंग आणि व्हील्स नंतर, आधी फ्रेमचा स्टॅक (उंची) आणि रीच (पुढची लांबी) बघा, कारण फ्रेम लांब पडली तर नुसता स्टेम (हँडल फ्रेमला जोडणारा भाग) बदलून किती भागणार.

आता सॅडलची (सीटची) उंची, हे खरंच मनावर घ्या. बाईक ट्रेनरवर (जागेवरच पेडल मारायच्या स्टँडवर) लावा, टाच पेडलवर ठेवा, पेडल एकदम खाली असताना पाय सरळ व्हायला हवा, मग शूज पेडलमध्ये क्लिप केले की गुडघ्यात साधारण 25 ते 35 डिग्री वाक राहतो. कंबर डावी-उजवीकडे हलतेय म्हणजे सॅडल वर झालंय, 2-3 मिमी खाली घ्या, एकदम सेंटीमीटर नको.

ट्राय बाईकवर सीट अँगल (सीटखालच्या नळीचा कोन) जास्त उभा असतो त्यामुळे आपण पुढे सरकून बसतो आणि वजन एल्बो पॅडवर (हँडलवर कोपर टेकवायच्या गाद्यांवर) येतं. मान भरून येत असेल तर खाली स्पेसर (उंची वाढवणाऱ्या चकत्या) टाकून पॅड वर घ्या, एरो पोझिशन (वारा कमी लागावा म्हणून पुढे वाकून बसणं) शेवटपर्यंत टिकली तरच तिचा उपयोग.

कार्बनच्या पार्टवर बोल्ट टॉर्क रेंचनेच (जोर मोजून आवळायच्या पान्याने) आवळा, किती जोर लावायचा तो आकडा बहुतेकदा पार्टवरच छापलेला असतो. सीटपोस्टला (सॅडलखालच्या दांड्याला) टेप लावून खूण करा, प्रवासात बाईक खोलावी लागली तर तीच खूण वाचवते. आणि रेसच्याच कपड्यात, भरलेल्या बाटल्या लावून निदान एक लांब राईड मारा.