नायट्रिक ऑक्साइड चमकवण्याआधीची तयारी

ग्रहांच्या वातावरणातला अतिनील प्रकाश म्हटलं की सगळे आधी 121.6 नॅनोमीटरच्या लायमन-अल्फाकडे, म्हणजे हायड्रोजनच्या अतिनील रेषेकडे, धावतात. मंगळयानावर तर त्यासाठी वेगळं उपकरणच होतं. पण छत्रपती संभाजीनगरात बसून एम.एस्सी.चा प्रकल्प करायचा असेल, तर त्याच्या नादी लागू नका. तिथे हवेतला ऑक्सिजनच प्रकाश गिळतो, म्हणून सगळा मार्ग निर्वात लागतो. नायट्रिक ऑक्साइड घ्या. ते 226 नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषतं आणि 226, 237, 247, 259 असे पट्टे सोडतं. हवा काढून टाकलेल्या चेंबरमध्ये वायू भरा; दिवा आणि डिटेक्टर बाहेर साध्या हवेत, क्वार्ट्‌झच्या खिडकीतून काम भागतं. पृथ्वीच्या वरच्या थरांत सूर्यप्रकाशाने हेच घडतं. शुक्र-मंगळाच्या रात्रीच्या बाजूलाही याच वायूचे पट्टे दिसतात, पण ते नायट्रोजन आणि ऑक्सिजनचे अणू जुळून येतात. तिथे गल्लत नको.

चेंबर चिकलठाण्याच्या वर्कशॉपमधून करून आणलात, तर कटिंग ऑइलचा थेंबही आत राहू देऊ नका. तेल अतिनील प्रकाशात स्वतःच चमकतं, बोटांचे ठसेही. आधी साबण, मग अ‍ॅसिटोन, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल. त्यानंतर हातमोज्यांशिवाय आत हात नाही. दिवा आणि डिटेक्टर काटकोनात ठेवा, दिव्याच्या समोरच्या बाजूला उरलेला प्रकाश गिळणारा काळा प्रकाशसापळा. डिटेक्टर म्हणून फोटोमल्टिप्लायर (मंद प्रकाश मोजणारी नळी) सीझियम टेल्युराइडचा मिळाला तर सोन्याहून पिवळं, त्याला खोलीतला उजेड जवळजवळ दिसतच नाही.

आपल्याकडे खरी भीती लाइट जाण्याची. रोटरी पंप बंद पडला आणि व्हॉल्व्ह उघडा राहिला, तर पंपाचं तेल चेंबरकडे चढतं. लाइट जाताच आपोआप मिटणारा व्हॉल्व्ह बसवाच, डिटेक्टरला यूपीएस द्या. पाण्याने थंड होणारा डिफ्यूजन पंप मात्र घेऊ नका. उन्हाळ्यात इथे प्यायला टँकर लागतो. हवेने थंड होणारा टर्बो पंप महाग पडतो, पण तोच बरा.

वायू नायट्रोजनमध्ये पातळ केलेलाच मागवा. शुद्ध वायू विषारी आहे, आणि हवा लागली की तांबूस नायट्रोजन डायऑक्साइड होतो. रेग्युलेटर स्टेनलेस स्टीलचा, पितळेचा नको. पंपाचा एक्झॉस्ट फ्यूम हूडमध्ये. चष्मा अतिनील अडवणारा.

ड्यूटेरियम दिवा अर्धा तास तापू द्या. मग गळती बघा: पंपाचा व्हॉल्व्ह बंद करून दाब किती चढतो ते वहीत टिपा. मिश्रण ज्या दाबाने भरणार तेवढ्याच दाबाचा निव्वळ नायट्रोजन भरून पहिली नोंद घ्या आणि ती नंतरच्या प्रत्येक नोंदीतून वजा करा, नाहीतर नुसता विखुरलेला प्रकाश मोजून खूश व्हाल. त्यानंतर मिश्रणात कार्बन डायऑक्साइड थोडा थोडा वाढवत न्या. नायट्रोजन ही चमक फारशी विझवत नाही, कार्बन डायऑक्साइड जोरात विझवतो: उत्तेजित रेणू जेमतेम 200 नॅनोसेकंद टिकतो आणि तेवढ्यात त्याच्याशी टक्कर झाली की प्रकाश गेला. उंचावरची हवा इतकी विरळ की तिथे तेवढ्या वेळात टक्करच होत नाही. म्हणून दोन-चार दाबांवर भागवू नका. चमक आणि दाब यांचा आलेख शून्य दाबापर्यंत मागे न्यायचा आहे, कमी दाबाकडचे बिंदू दाट घ्या. जाताना सिलिंडर रेग्युलेटरवर नाही, मुख्य व्हॉल्व्हवर बंद करा.