सुगीच्या तोंडावर पिकअपचे ॲव्हरेज घसरले? आधी एअर फिल्टरचे झाकण उघडा

मळणी आता दारात आली आहे. खळ्यावरचा भुसा आणि कच्च्या रस्त्याचा फुफाटा सुरू झाला की डिझेल पिकअपचे ॲव्हरेज उतरू लागते. मालक आधी पंपावरच्या डिझेलला नावे ठेवतो, मग इंजेक्टरवर, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणाऱ्या भागावर, संशय घेतो. एअर फिल्टरचा डबा मात्र कोणी उघडत नाही, कारण 'अजून तेवढे किलोमीटर झाले नाहीत'. किलोमीटरचा तो आकडा डांबरी रस्त्यासाठी असतो. गाडीच्या पुस्तकात धुळीतल्या वापरासाठी वेगळे, कमी अंतर दिलेले असते, ते पाहा. सुगीत तेवढे अंतर होण्याचीही वाट पाहू नका. रोज खळ्यावर उभी राहणारी गाडी असेल तर आठवड्यातून एकदा डबा उघडा.

पण आधी मोजा

मीटरवर दिसणारे ॲव्हरेज हा अंदाज असतो. टाकी भरताना नोझल पहिल्यांदा आपोआप बंद पडले की थांबा, किलोमीटर लिहा. ३००-४०० किलोमीटर चालवून त्याच पंपावर, त्याच पद्धतीने पुन्हा भरा. चाललेले किलोमीटर भागिले भरलेले लिटर. एका टाकीवर निकाल देऊ नका, कारण ४० लिटरमध्ये २ लिटरचा फरक पडला तरी ५ टक्क्यांची चूक होते. अशा तीन टाक्या पाहा. मधल्या काळात मोठ्या मापाचे टायर टाकले असतील तर मीटर किलोमीटर कमी दाखवतो आणि ॲव्हरेज नुसते कागदावर पडते.

फिल्टर गुदमरला की काय होते

जुन्या मेकॅनिकल पंपाच्या इंजिनात हवा कमी, डिझेल तेवढेच, म्हणून चढावर काळा धूर निघतो. नव्या, सेन्सरच्या गाडीत इसीयू (इंजिन चालवणारा संगणक) स्वतःच डिझेल आखडतो. धूर दिसत नाही, गाडी ओढत नाही, पाय खोल जातो आणि चौथ्याऐवजी तिसऱ्या गिअरमध्ये चालवावी लागते. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारी सायलेन्सरकडची गाळणी) असेल तर काजळी आतच साठते. ती जाळायला गाडी वारंवार जादा डिझेल घेते. दर शंभर-दीडशे किलोमीटरमागे असे काजळी जाळणे (रिजनरेशन) होत असेल, म्हणजे उभ्या गाडीचा आरपीएम चढतो, पंखा जोरात फिरतो, जळका वास येतो, तर दुखणे डीपीएफच्या आधी कुठेतरी आहे. अशा वेळी ऑइलची काडी पाहा. पातळी वाढलेली आणि डिझेलचा वास असेल तर ऑइल लगेच बदला.

फिल्टर बाहेर काढून:

- डब्याच्या तळाची रबरी चोच रोज दाबून धूळ पाडा. भुशाने तुंबते ती हीच.
- हवा आतून बाहेर मारा, ३० पीएसआयच्या आत, नोझल वीतभर लांब.
- फिल्टर चाकावर आपटू नका. कागदी फिल्टर पाण्याने किंवा रॉकेलने धुऊ नका.
- अंधारात आत बल्ब धरा. टाचणीएवढा उजेड दिसला तरी फेकून द्या.
- तीन-चार वेळा हवा मारून झाली की नवा घाला.

आता खरी परीक्षा. फिल्टरच्या पुढच्या, टर्बोकडे (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याकडे) जाणाऱ्या पाइपात स्वच्छ बोट फिरवा. बोटाला धूळ लागली तर फिल्टर नीट बसलेला नाही किंवा रबर कडक झाले आहे. तशी धूळ टर्बोची पाती आणि पिस्टन रिंगा खाते, आणि मग ॲव्हरेज नवा फिल्टर घालूनही परत येत नाही.

टर्बोच्या पुढे इंटरकूलरपर्यंत (टर्बोची तापलेली हवा थंड करणाऱ्या जाळीपर्यंत) प्रत्येक जोड चाचपा. तेलकट ओल धरलेला क्लॅम्प म्हणजे गळती. जोर लागताना 'सुस्स' आवाज आला तर खात्रीच. इंटरकूलर आणि रेडिएटरमध्ये अडकलेला भुसा इंजिनच्या बाजूने हवा मारून पुढे काढा, उलटे मारलेत तर तो आणखी घट्ट बसतो.

एवढ्यावर भागले नाही तर

- टायरची हवा थंड असताना, दाराच्या खांबावरच्या तक्त्यातल्या भरलेल्या गाडीच्या आकड्याप्रमाणे.
- १०-१५ किलोमीटर चालवून, जोराचा ब्रेक न लावता थांबा. चारही रिमांजवळ हाताची पालथी बाजू धरा. एक जास्त तापला तर तिथला ब्रेक किंवा चिखलाने अडकलेली हँडब्रेकची केबल.
- चढावर आरपीएम वाढतो, वेग नाही: क्लच घसरतो.
- १५ किलोमीटरनंतरही तापमानाचा काटा नेहमीच्या जागी येत नाही: थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) उघडा अडकला आहे. थंड इंजिन जास्त पिते.
- शेतातून बाहेर आल्यावर फोर व्हील सुटले का, पाहा.
- डिझेल फिल्टरखालचे पाणी सोडा. (तो तुंबला तर आधी ताकद जाते, ॲव्हरेजचा दोष त्याच्यावर कमीच येतो.)

दुकानदार डिझेलमध्ये टाकायची बाटली आणि पाइपावर बसवायचे चुंबक पुढे करील. चुंबकाने डिझेल वाचत नाही, आणि बाटलीने तुंबलेला फिल्टर मोकळा होत नाही. 'चारही इंजेक्टर बदला' म्हणणाऱ्याला आधी रिटर्नची तपासणी करायला लावा. प्रत्येक इंजेक्टरच्या परतीच्या नळीला सारखी बाटली लावून इंजिन काही मिनिटे चालवायचे. एकच बाटली इतरांच्या दुप्पट भरली तर तो एकच काढा. सगळ्या सारख्या भरल्या तर मापाचा आकडा कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलशी ताडून घेतल्याशिवाय पाना लावू देऊ नका.

आमचा ठोकताळा असा: ॲव्हरेज हळूहळू, महिनाभरात उतरले तर हवेचा रस्ता पाहा. एका दिवसात उतरले तर ब्रेक, थर्मोस्टॅट किंवा फाटलेला पाइप. आणि माल उतरवताना इंजिन सुरू ठेवायची सवय असेल तर तासाला साधारण लिटरभर डिझेल तिथेच जाते. शिवाय त्या वेळात उडणारा भुसा थेट फिल्टर ओढून घेतो. खळ्यावर पोहोचताच गाडी वाऱ्याच्या वरच्या अंगाला लावा. टर्बो शांत व्हायला मिनिटभर द्या आणि किल्ली फिरवा.