वायरलेस माऊस कनेक्ट होत नाहीये? नवीन घ्यायच्या आधी हे करून बघा

माऊस चालेना म्हटलं की बरेच जण सरळ नवीन ऑर्डर करून टाकतात, आणि मला ते खरंच बघवत नाही, कारण बऱ्याचदा माऊस धडधाकट असतो आणि अडलेलं असतं ते माऊस आणि कॉम्प्युटरच्या मधेच कुठेतरी. ते कुठे अडलंय हे क्रमाने शोधलं की पटकन सापडतं.

आधी माऊस उलटा करा. खाली ऑन-ऑफचं बारीक बटण असतं, बॅगेत घासून ते ऑफ होतं. नवा कोरा माऊस असेल तर सेलजवळ प्लास्टिकची पट्टी असते, ती ओढून काढायची. मग सेल बदला, पण घड्याळातला किंवा रिमोटमधला काढून घालू नका, नवीनच घाला, कारण भिंतीवरचं घड्याळ उतरलेल्या सेलवरही बरेच दिवस टिकटिकत राहतं पण माऊसचा रेडिओ तेवढ्यावर चालेलच असं नाही. स्प्रिंगवर पांढरी पावडर दिसली तर सेल लीक झालाय, इअरबडला किंचित व्हिनेगर लावून पुसून घ्या आणि पूर्ण वाळल्यावरच नवा सेल घाला.

खालचा लाल लाइट दिसत नाही म्हणजे माऊस गेला असं मात्र समजू नका, बऱ्याच मॉडेलमध्ये इन्फ्रारेड लाइट असतो आणि तो डोळ्यांना दिसतच नाही. अजून एक, टेबलावर काच असेल तर कनेक्ट असलेल्या माऊसचाही कर्सर बऱ्याचदा हलत नाही. राइट क्लिक करून बघा, मेनू उघडला तर कनेक्शन ठीक आहे, फक्त खाली पॅड नाहीतर साधा कागद ठेवा.

आता तुमचा माऊस डोंगलवाला (म्हणजे कॉम्प्युटरच्या यूएसबी पोर्टमध्ये छोटा रिसीव्हर लावून चालणारा) आहे की ब्लूटूथवाला ते बघा, कारण पुढचे उपाय दोघांचे वेगळे आहेत.

डोंगल सापडत नसेल तर सेलच्या कप्प्यात बघा, बऱ्याच माऊसमध्ये तिथे त्याची खाच असते. दुसऱ्या माऊसचा डोंगल लावून सहसा काम होत नाही, स्वस्तातले बरेचसे माऊस कारखान्यातच आपापल्या डोंगलशी जोडून येतात. लॉजिटेकचा नारिंगी चिन्हाचा युनिफाइंग रिसीव्हर मात्र ६ डिव्हाइसपर्यंत घेतो, पण लॉजिटेकच्याच लॉजी बोल्टचा माऊस त्याला चालत नाही, ती सिस्टीमच वेगळी आहे.

डोंगल काढा, पोर्ट बदला, परत लावा. आणि इथे एक गोष्ट आवर्जून सांगतो जी फार कमी लोक तपासतात: डोंगलवाले माऊस साधारण २.४ गिगाहर्ट्झवर चालतात आणि यूएसबी ३ चे पोर्ट, त्यांच्या केबल, एक्स्टर्नल हार्ड डिस्क हे सगळं चालू असताना त्याच पट्ट्यात रेडिओ गोंगाट करतात, इंटेलने २०१२ मध्येच यावर पेपर काढला होता. म्हणून डेस्कटॉपच्या मागे हार्ड डिस्कच्या शेजारी लावलेला डोंगल माऊसचं ऐकतच नाही, कनेक्ट होतो, तुटतो, कर्सर अडखळतो, आणि आपण माऊसला दोष देतो. यावर उपाय म्हणजे यूएसबी २ चा पोर्ट, किंवा लहानशी यूएसबी एक्स्टेन्शन केबल घेऊन डोंगल माऊसच्या जवळ टेबलावर आणायचा. नवीन माऊसपेक्षा ती केबल स्वस्त पडते.

ब्लूटूथवाला असेल तर खालचं पेअरिंगचं (जोडणीचं) बटण लाइट भराभर लुकलुकेपर्यंत दाबून धरा. माऊस नसताना सेटिंगमध्ये जायचं कसं, तर कीबोर्डवर विंडोज की आणि आय दाबा, मग टॅब, ॲरो आणि एंटरने ब्लूटूथपर्यंत पोचा. यादीत त्या माऊसचं नाव आधीपासून दिसत असेल तर ते रिमूव्ह करूनच नव्याने ॲड करा, जुनी नोंद तशीच राहिली की पेअरिंग अडकतं. माऊसखाली १, २, ३ असे नंबर असतील तर तो दुसऱ्याच लॅपटॉपच्या नंबरवर राहिलेला असू शकतो, तेही बघा.

तरी होत नसेल तर विंडोज की आणि एक्स, मग एम दाबून डिव्हाइस मॅनेजर (कॉम्प्युटरला जोडलेल्या उपकरणांची यादी) उघडा, तुमचा माऊस निवडून अनइन्स्टॉल करा आणि रीस्टार्ट करा, विंडोज तो परत शोधून घेतं. लॅपटॉप असेल तर चुकून टचपॅड काढू नका. थोडा वेळ काम न केल्यावर डोंगलवाला माऊस बंद पडत असेल तर तिथेच यूएसबी रूट हबच्या प्रॉपर्टीजमध्ये पॉवर मॅनेजमेंटची टिक काढा, पॉवर वाचवायला विंडोज तो पोर्ट झोपवतं.

शेवटी माऊस दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून बघा. तिथे चालला तर दोष तुमच्या मशीनमध्ये आहे, आणि तिथेही नाही चालला तर बिल शोधून वॉरंटी तपासा, बऱ्याच माऊसला १ ते ३ वर्षांची असते.